शेवंताआत्यांची स्थळं

आमच्या शेवंताआत्या कॉलेजला कॉलेज म्हणत नाहीत, स्थळ म्हणतात. "हायवेच्या पल्याडचं स्थळ बघितलं का? घराणं चांगलं हाय, पण लई उशिरा होकार कळवत्यात," असं त्या मेथी निवडता निवडता सांगू लागल्या, की नव्या माणसाला वाटतं घरात कुणाचं तरी लग्न निघालंय. लग्नबिग्न काही नसतं. बारावीचे निकाल लागलेले असतात, आणि गल्लीतलं एखादं पोर मोबाइलवर कॉलेजांची यादी उघडून आत्यांपुढे मांडी घालून बसलेलं असतं.

आत्या आमच्या घरमालकीण. कासारवाडीच्या जुन्या घराण्यातल्या. शेत गेलं, त्या जागेवर तीन मजली इमारत आली, आणि तिच्या तळमजल्यावर आत्या एकट्या राहतात. भाऊ-भावजय वारले, भाचे रावेतला मोठ्या फ्लॅटमध्ये गेले. भाच्यांच्या आत्या म्हणून सगळ्या गल्लीच्याच आत्या झाल्या. वरच्या मजल्यावर आम्ही भाडेकरू, म्हणजे मी, चाकणच्या कंपनीत जाणारा माझा नवरा प्रशांत आणि मुलगी नेहा.

पूर्वी आत्या खरोखरीची लग्नं जमवायच्या. आसपासच्या गावांतल्या निम्म्या सुना आपणच आणल्या, असा त्यांचा दावा आहे. मग स्थळं मोबाइलवर आली आणि आत्यांचं काम गेलं. त्याचा राग अजून आहे. "फोटू बघत्यात आन् बोटानं सरकवत्यात. अरं, बैल घेताना तरी त्याचं दात बघत्यात!"

काही वर्षं आत्या नुसत्या चिडून बसल्या होत्या. त्यांना पुन्हा कामाला लावलं ते गॅरेजवाल्या रफिकभाईंच्या समीरने. पोरगा हुशार, पण कॉलेजांच्या पसंतीक्रमात त्याने एकजात नामांकित कॉलेजं भरली होती. रफिकभाई काळजीत, कोपऱ्यावर उभे राहून बोलत होते. आत्यांनी ते ऐकलं आणि समीरला जिन्यात गाठलं.

"समद्या राजवाड्यांतच मागणी घालतोस व्हय रं? समद्यांनी न्हाई म्हणलं तर मांडवात एकलाच हुबा राहशील."

मग पायरीवर बसून आत्यांनी आपली पद्धत सांगितली. ती आता आमच्या गल्लीत पाठ आहे. "वरच्या घरी मागणी घालायची. न्हाई म्हणतील, म्हणू दे. मागणी घातली म्हणून नाक कापलं जात न्हाई. मधी तोलामोलाची घरं, गुण जुळणारी. आन् शेवटाला मामाचं घर. मामा कधी न्हाई म्हणत न्हाई."

"आत्या, आमच्यात चाचाचं घरबी चालतं," मागोमाग आलेले रफिकभाई म्हणाले.

"मग तुला दोन घालते की!" आत्या म्हणाल्या. समीरच्या यादीच्या तळाशी एक मामा आणि एक चाचा गेला. पोराला पुढे मधल्यातलं चांगलं कॉलेज लागलं, आणि आत्यांच्या दारात मोटारसायकली लागू लागल्या.

क्लासवाले यालाच ड्रीम, टार्गेट, सेफ असं काहीतरी म्हणतात. आत्यांचे शब्द मला जास्त पटतात. पोरगं घरी जाऊन बापाला "माझ्या यादीत मामा नाही" असं म्हणालं, की बापाला ताबडतोब समजतं. शिवाय 'गुण' या शब्दाने आत्यांची मोठीच सोय केली आहे. सीईटीचे गुण आणि पत्रिकेचे गुण यांत त्यांना काही फरक वाटत नाही. कटऑफचे आकडे पोरं वाचून दाखवतात, आत्या ते लगेच विसरतात, आणि त्याची त्यांना खंत नाही.

त्यांचं काम वेगळं. त्या स्थळ बघायला जातात. ठेवणीतलं इरकल नेसून, सिटी बसने. फाटकावरचा माणूस जागा आहे का बघतात. आत जाऊन पाणी पितात. मग इमारतीच्या मागे जातात. "पुढून समदेच रंगवत्यात. मोरीकडं जाऊन बघावं." एका कॉलेजला त्यांनी केवळ फाटकावरचा माणूस पेंगत होता म्हणून यादीतून काढलं. ते कॉलेज उत्तम होतं असं मागाहून कळलं, पण आत्यांनी शब्द फिरवला नाही. एकदा तर कॉलेजच्या मागच्या बाजूला फिरताना शिपायाने हटकलं. "आमी हितल्याच जुन्या," एवढंच आत्या म्हणाल्या. शिपायाने आत वर्दी दिली की मूळ जमीनमालक आले आहेत. आत्यांना थेट प्राचार्यांच्या खोलीत बसवलं, चहा-बिस्किटं आली, आणि घामाघूम झालेले प्राचार्य कारकुनाला सातबारा शोधायला लावू लागले. आत्यांनी बिस्किटं संपवली आणि विचारलं, "पोरींच्या संडासाला कडी का न्हाई?" पुढच्या आठवड्यात तिथे कडी बसली होती, हे मी स्वतः पाहिलंय.

यंदा आमच्या नेहाची वेळ आली.

नेहा म्हणजे आत्यांच्या घरचीच. लहानपणापासून संध्याकाळची ती खालीच असते. आत्यांच्या डोळ्यांत औषध घालायचं, मालिकेतल्या सासूला दोघींनी मिळून शिव्या द्यायच्या, आत्यांच्या ताटातली भाकरी मोडून खायची. सगळी गल्ली आत्यांना अहो-जाहो करते, नेहा अगं-तुगं करते. तिला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जायचं होतं, आणि मनात कराडचं कॉलेज बसलं होतं. प्रशांतला मात्र पोर घरातून डबा घेऊन जाणारी हवी होती.

फॉर्म भरायला आम्ही आत्यांकडेच बसलो. प्रवेशाचा एक नियम आहे. यादीत पहिल्या क्रमांकावर टाकलेलं कॉलेज पहिल्याच फेरीत लागलं, तर ते घ्यावंच लागतं. नाही घेतलं, तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. प्रशांतने या नियमाचा बरोबर उपयोग शोधून काढला होता.

"पहिलं नाव इथलं जवळचं टाकू," तो म्हणाला. "लागणारच आहे. विषय संपला."

आत्यांच्या हातातली मेथी खाली आली. "मामाच्या घरी पहिली मागणी? अरं परशांत, मामा व्हय म्हणणारच की! मग बाकीची स्थळं काय पूजेला मांडायची?"

"आत्या, पोर एकटी पडेल तिकडे. आणि तुमचं काय? तुमच्याकडे कोण बघणार संध्याकाळी?"

प्रशांतने नेम धरूनच मारलं होतं. आत्या खाली पडलेली मेथीची पानं गोळा करू लागल्या. त्यांनी नुसतं "खरं हाय" म्हटलं असतं, तरी नेहाने बिनतक्रार जवळचं कॉलेज घेतलं असतं. तिने तसं आत्यांकडे बघितलंही.

"माझं काय विचारतोस?" आत्या शेवटी म्हणाल्या. "नांदायचं कुणाला? तिला इचार."

"मला जायचंय," नेहा हळूच म्हणाली.

"मग लिव्ह. कराड पहिलं." आणि पुन्हा मेथी निवडू लागल्या. त्या क्षणी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

कराडच लागलं. पेढे आत्यांनीच वाटले. मात्र हे एकच स्थळ त्यांनी आधी बघितलेलं नव्हतं, म्हणून नेहाला पोचवायच्या दिवशी वल्लभनगरच्या स्टँडवर त्या इरकल नेसून, पिशवी घेऊन आमच्या आधी हजर.

कराडला आत्या पाणी प्यायल्या. मागे जाऊन आल्या. खानावळीत भाकरी दाबून बघितली. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीला धरून विचारलं, "पोरी, रडू येतं का गं हितं?" ती हसून म्हणाली, "सुरुवातीला येतं आजी, मग सुट्टीत घरी करमत नाही." पाणी गोड होतं, भाकरी गरम होती, फाटकावरचा माणूस टक्क जागा होता. एकेक गोष्ट चांगली निघत गेली तसा आत्यांचा चेहरा उतरत गेला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की त्या खोट शोधत होत्या. एक तरी खोट सापडावी म्हणून धडपडत होत्या, आणि ती सापडत नव्हती.

वसतिगृहाच्या मॅडमनी पालकांनी आता निघावं म्हणून सांगितलं. आत्या उठल्या नाहीत.

"आजी, पालकांना इथे राहता येत नाही."

"मी पालक न्हाई. पाठराखीण हाय," आत्या म्हणाल्या. "नवी नवरी सासरी जाती, तवा संगट कुणीतरी जातं का न्हाई? तशी. दोन दिस कोपऱ्यात पडून राहीन." त्यांनी पिशवी उघडून दाखवली. आत लुगडं, सोलापुरी चादर, डोळ्यांचं औषध. मॅडम हसल्या, पण नियम तो नियम. नेहाने आत्यांच्या गळ्यात हात टाकले. "आत्या, मी राहते गं. खरंच राहते."

परतीच्या एसटीत आत्या माझ्या शेजारी बसल्या. सातारा मागे पडेपर्यंत पिशवी मांडीवरच धरून होत्या.

"माझं लगीन झालं तवा मी हिच्याहून ल्हान हुते," त्या मग म्हणाल्या. "पाठराखीण म्हणून चुलती यायची हुती. ऐन वख्ताला तिचं पोर आजारी पडलं. मी एकलीच गेले. तितं काय झालं, कुणी काय केलं, सांगायला माणूसच न्हवतं. मग माघारी आले ती आलेच. हिच्यासंगट कुणीतरी पायजे हुतं गं पहिल्या राती."

मला रडू आलं. मी त्यांचा हात धरला. "आत्या, आज मी खाली तुमच्याकडे झोपायला येते."

"तू? कशापायी?"

"पाठराखीण म्हणून."

आत्यांनी तोंड खिडकीकडे फिरवलं. तिकडेच बघत म्हणाल्या, "येताना उशी घिऊन ये. माझ्याकडं एकच हाय."