हळू ओरडायची शाळा

बाळांनो, एका जंगलात ओरडायला शिकवणारी शाळा होती, आणि तिच्या दारावरच पाटी होती : 'शांतता राखा.'

टिटवीला पहिल्यांदा खटकलं ते तिथेच. पण ती पडली दचकी. तिला काय, सगळंच खटकायचं. पान गळलं तरी तिच्या काळजाचं पाणी व्हायचं. म्हणून तिने स्वतःलाच दटावलं, "गप ग. शिकलेल्यांची पाटी आहे. विचार करूनच लावली असेल."

शाळेचं नाव 'निवासी पहारा-कौशल्य केंद्र'. गरीब घरच्या तरुण पाखरांसाठी आणि जनावरांसाठी. राहणं फुकट, जेवण फुकट, आणि शिक्षण संपलं की सिंहनगरीत नोकरी. सिंहनगरी म्हणजे काटेरी कुंपणाच्या आतली बड्यांची वस्ती. तिथे बिबट्या येत नसे.

कुंपणाबाहेर मात्र तो सवडीने येई. तो दिसला की टिटव्या, भेकरं, वानरं जीव तोडून ओरडत आणि बाकीचे जीव घेऊन पळत. पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललं होतं. अडचण एवढीच, की त्या कालव्याने सिंहनगरीची दुपारची झोप मोडायची. तेव्हा बड्यांना गरिबांचा कळवळा आला. ते म्हणाले, "बिचाऱ्यांना नीट ओरडतासुद्धा येत नाही. आपण शिकवू."

टिटवीला पोचवायला तिची आई आली होती. आई नदीकाठच्या उघड्या खडीवर अंडी घालायची आणि दरसाल म्हशी ती तुडवायच्या.

"शीक बाई," आई म्हणाली. "आम्ही जन्मभर फुकट ओरडलो. तुला नोकरी लागली तर कुंपणाच्या आत अंड्यांपुरती वीतभर जागा मिळेल. तेवढं बघ."

टिटवीने तेवढंच बघायचं ठरवलं.

वसतिगृह कुंपणाबाहेरच्या वडावर होतं. प्रत्येकाला एक फांदी. टिटव्या जमिनीवर झोपतात हे कुणी लक्षातच घेतलं नव्हतं. ती रोज पडायची आणि पडता पडता 'क्षमस्व' म्हणायची. तिची मैत्रीण भुरी, म्हणजे भेकराची पोर, तिलाही फांदीच मिळाली होती. भुरी बुंध्याला टेकून उभी राहायची आणि म्हणायची, "मी वरच आहे असं समज."

हजेरी अंगठ्याची होती. अंगठा एकट्या वानराला होता. त्यामुळे सगळ्यांची हजेरी वानर लावायचा, आणि तो आजारी पडला की सगळी शाळा गैरहजर.

ओरडायला शिकवायला कासवसर होते. ते जन्मात कधी ओरडले नव्हते. त्यांना गरजच पडली नव्हती.

"भीती ही आतली गोष्ट आहे," सर म्हणत. "ती आत ठेवावी." आणि कसं ते दाखवायला स्वतः कवचात जाऊन बसत. तास संपेपर्यंत.

"टिटे, मेले का ग हे?" भुरी कुजबुजायची.

"गप. मार्क कापतील."

मग सर डोकं बाहेर काढून पद्धत सांगत. "आधी नमस्कार. मग आपलं नाव. मग व्यत्ययाबद्दल क्षमा. मग हवामानाविषयी दोन शब्द. मग, समोरच्याची परवानगी असेल तर, धोका. आणि 'बिबट्या' असं तोंडावर म्हणायचं नाही. 'पाहुणे' म्हणायचं."

"सर," टिटवीने चाचरत विचारलं, "एवढं होईपर्यंत त्याने खाल्लं तर?"

"कोणाला?"

"ज्याला आपण सांगतोय त्याला."

"मग त्याची तक्रार येणार नाही," सर म्हणाले. "पुढचा प्रश्न."

भित्री मुलं अभ्यासात हुशार निघतात, बाळांनो. टिटवी पहिली आली. रोज घोकून घोकून तिचा गळा असा मऊ झाला, की तिच्या आईलाही ती ओळखू आली नसती.

शेवटच्या दिवशी वडाखाली भर दुपारी समारंभ झाला. प्रमुख पाहुणे सिंहनगरीचे हत्तीसाहेब. ज्याचं प्रात्यक्षिक उत्तम, त्याला नोकरी. टिटवी समोरच्या दगडावर आपल्या पाळीची वाट बघत उभी होती. भुरी शेवटच्या रांगेत, गवताकडे पाठ करून बसली होती.

वारा नव्हता आणि गवत हललं.

टिटवी दचकली. आधी तिने स्वतःला दटावलंच. मग गवतात ठिपके दिसले. मग मिशा. भुरीच्या पाठीपासून अगदी हाकेवर.

आता ओरडलं तर नोकरी गेली. आईची अंडी पुन्हा म्हशींच्या खुराखाली. टिटवीने भुरीच्या पाठीकडे पाहिलं. बावळट पोर, कान खाजवत होती.

"जळो ती नोकरी!" टिटवी मनात म्हणाली. तिने छाती फुगवली, चोच वासली आणि सारा जीव गोळा करून ती ओरडली,

"नमस्कार! मी टिटवी. व्यत्ययाबद्दल क्षमस्व. आज ऊन जरा जास्त आहे, नाही का?"

ती स्वतःच हबकली. सगळे मात्र डोलायला लागले.

"वा!" हत्तीसाहेबांनी कान हलवले. "काय गोडवा! ऐकता ऐकता माझा डोळा लागला."

कासवसरांची मान अभिमानाने कधी नव्हे एवढी बाहेर आली. भुरी खूर आपटत ओरडली, "टिटे, नोकरी पक्की ग तुझी!"

"पुन्हा एकदा!" हत्तीसाहेब म्हणाले.

टिटवीने पंख झोडले. नाचली. दगडावर चोच आपटली. गळ्यात जुनी आरोळी कुठेतरी असेल म्हणून तळापर्यंत धुंडाळली. वर आलं ते एवढंच, "क्षमस्व... आपली परवानगी असेल तर... पाहुणे आले आहेत. कृपया, कुणी ऐकतंय का?"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

तो थांबल्यावर भुरीच्या पाठीमागून, गवतातून, फार अदबीने उत्तर आलं.

"ऐकतोय ना. बोला ताई."

तात्पर्य : नेहमी गोड बोलावं. ऐकून घेणारा कुणीतरी भेटतोच. फक्त तो जेवून आलेला नसतो.