मिटलेल्या तोंडाची डरकाळी

ध्वनिकाराने मोठ्या अभिमानाने कळ दाबली आणि पडद्यावरील अजस्र डायनासोरने जबडा फाकून अशी काही डरकाळी फोडली, की स्टुडिओच्या खिडक्यांची तावदाने थरथरली. दिग्दर्शकाने संतोषाने मान डोलावली. परंतु सल्ल्यासाठी बोलावलेल्या जीवाश्मतज्ज्ञ बाईंचा चेहरा, भर सभेत कोणी थोबाडीत मारावी, तसा झाला.

"हा सिंह आहे," त्या म्हणाल्या.

"बाई, डायनासोरच आहे. शेपूट बघा ना केवढं!"

"शेपटाचं नाही, आवाजाचं बोलतेय मी. यात सिंह आहे, हत्ती आहे, आणि मागे बहुतेक ट्रकचा हॉर्नपण आहे."

ट्रकचा हॉर्न होता खरा. ध्वनिकाराने घाईघाईने आवाज बंद केला.

बाईंनी सांगितले, की कोट्यवधी वर्षांपूर्वीचा तो आवाज कोणीच ऐकलेला नाही. तथापि त्या प्राण्याच्या नात्यातल्या मगरी आणि शहामृग तोंड मिटून, छातीतून घुमतात. तेव्हा यानेही बहुधा तसेच केले असावे. डायनासोरच्या अंगावर पिसे हवीत, असा हट्ट धरून त्यांनी चित्रकारांना आधीच रडवले होते; आता ध्वनिकाराची पाळी आली होती.

"नर, मादी आणि पिल्लू, तिघंही तोंड मिटून घुमले पाहिजेत," दिग्दर्शकाने फर्मावले. "शुक्रवारपर्यंत. नाहीतर बसा घरी."

'घरी' हीच ध्वनिकाराला खरी धमकी वाटली, कारण ते घर त्याचे नव्हते. ते सासऱ्यांचे होते. सासरे निवृत्त मुख्याध्यापक असून, बिनकामाचा जावई हा प्रकार त्यांच्या शिस्तीत बसणारा नव्हता.

त्याने रिकाम्या पिंपात तोंड घालून हुंकार भरले, फुगे घासले, घागरीत फुंकर मारली. सर्व व्यर्थ! अखेर गुरुवारी दुपारी तो खिन्न मनाने घरी परतला आणि उंबऱ्यातच खिळून उभा राहिला. आतल्या खोलीतून धरणीकंपासारखा गंभीर नाद येत होता. मुख्याध्यापक उताणे निजले होते. ओठ घट्ट मिटलेले, आणि छातीतून "घुंऽऽऽम"!

वस्तुतः हा त्या घरातला जुना तंटा होता. सासूबाई रोज म्हणत, "अहो, घोरता तुम्ही!" आणि मुख्याध्यापक रोज गरजत, "मी? जन्मात घोरलो नाही! पुरावा आहे का?"

पुरावा कधीच नसे. त्या दुपारी सारे घर निजले होते. ध्वनिकार हातात ध्वनिमुद्रणाचे यंत्र घेऊन, श्वास रोखून, अनवाणी घरभर हिंडला.

शुक्रवारी बाईंनी डोळे मिटून ते आवाज ऐकले. "अगदी अस्साच असणार! कुठे मिळाला हो?"

"जंगलात," ध्वनिकार पुटपुटला. नोकरी वाचली; परंतु पहिल्या खेळाला दिग्दर्शकाने सहकुटुंब बोलावले.

"बाबा, लहान मुलांचा सिनेमा आहे, कंटाळाल," त्याने सासऱ्यांना विनवून पाहिले.

"जावयाचं काम बघायला नको? कोट काढा माझा!"

चित्रगृहात अंधार झाला. पिसे फुलवून डायनासोर पडद्यावर अवतरला, त्याने जबडा मिटला, आणि "घुंऽऽऽम"! मुले आयांना बिलगली. सासूबाई मात्र ताडकन उभ्या राहिल्या.

"हाच! हाच तो! पुरावा म्हणत होतात ना? घ्या!"

मुख्याध्यापकांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. मग ते कापऱ्या स्वरात म्हणाले, "जावईबापू, उद्या सकाळी बिऱ्हाड हलवा."

"कोण हलवतो बघतेच मी! हिरा आहे माझा जावई. जन्मभर मला खोटं पाडलंत!"

"अहो, बसा खाली, दिसत नाही!" मागून कोणी ओरडले.

इतक्यात समोरच्या डोंगरावरून मादीने प्रत्युत्तर दिले. प्रथम एक बारीक शीळ, मग मोरीत पाणी उतरावे तशी गुळगुळ, पुन्हा शीळ. मुख्याध्यापकांनी कान टवकारले. त्यांच्या मुखावर हळूहळू प्रभा पसरली.

"ही बाई ओळखीची वाटते."

सासूबाई मटकन खुर्चीत बसल्या. "छे! मी नाही हं. मी कधी..."

"पुरावा!" मुख्याध्यापक इतके हसले, की सगळी रांग हलली. "जावईबापू, तुम्ही कुठ्ठेही जायचं नाही! घर तुमचंच आहे!"

"उद्या सकाळी," सासूबाई थंडपणे म्हणाल्या. "आणि तो माइक आधी बाहेर काढा."

ध्वनिकार दोहोंच्या मधोमध कोंडला गेला. त्याने आशेने पत्नीकडे पाहिले. ती इतका वेळ पदराआड हसत होती. तोच पडद्यावरच्या झुडपातून पिल्लू दुडदुडत बाहेर आले आणि मिटल्या तोंडाने बोलले, "फुर्रर्र... पुक्! फुर्रर्र... पुक्!"

पत्नीचे हसू तिथल्या तिथे विरले. तिने सावकाश मान वळवली.

"अहो, हे पिल्लू कोण?"

ध्वनिकाराने, शास्त्राला संपूर्णपणे धरून, तोंड मिटून घेतले. छातीत मात्र काहीतरी घुमत होते.