आधी ब्रेक

सुताची बाचकी खच्चून भरलेला एक टेम्पो केसरीनाथच्या टर्बो गाडीला मागे टाकून पुढे गेला. जाताना टेम्पोवाल्याने हात हलवला. लहान मुलांना हलवतात तसा.

"काका, टेम्पो गेला," मागच्या सीटवरून धनेश म्हणाला.

"मना दिसतंय."

"भरलेला होता, काका."

"त्याला घाई असल."

"घाई आपल्याला पन हाय," धनेशच्या शेजारी दाटीवाटीने बसलेली धोंडूबाई म्हणाली. "आपून पोचेस्तोवर तिकडं हलद सुकून जाल, केसरी."

धोंडूबाई म्हणजे केसरीनाथची थोरली बहीण आणि धनेश हा पुतण्या. दोघंही धिप्पाड. तरी दोघं मागेच बसायची, कारण पुढची डावी सीट ललिताची होती. ललिता, केसरीनाथची बायको, जाऊन दीड वर्ष झालं होतं. पण तिच्या आखूड पायांसाठी पुढे ओढलेली सीट अजून तशीच होती. केसरीनाथच्या पायाखाली तिने अंथरलेला सतरंजीचा तुकडा होता. कडा तिने हाताने शिवलेल्या. या दोन वस्तूंना हात लावायचा नाही, एवढा एकच नियम केसरीनाथने घरात केला होता, आणि तो मोडायची कोणाची छाती नव्हती.

गाडी मात्र कशी तरी चालायची. पूर्णा गावातली त्यांची जमीन गोदामांना गेली तेव्हा केसरीनाथने आणि शेलार गावच्या त्याच्या मेव्हण्याने, अनंताने, एकाच आठवड्यात एकाच कंपनीच्या दोन टर्बो गाड्या घेतल्या होत्या. रंगही एकच, पांढरा. अनंताची गाडी बाणासारखी सुटायची. केसरीनाथची सुरुवात चांगली करायची आणि मग विचारात पडल्यासारखी होऊन जायची. तो म्हणायचा, आपल्याला काय, पोचल्याशी मतलब. पण तरुणपणी शर्यतीत छकडा हाकलेल्या माणसाला टेम्पो मागे टाकून जातो, हे मनाला लागतंच.

हळद अनंताची मुलगी पूर्वी हिची होती. मांडवाच्या तोंडाशी अनंता उभाच होता.

"या दाजी, या! सकाली निघालेलास का काल राती?"

मांडव हसला.

"इंजिन हाय ना आत? का बैल बांधलेत?"

"तुज्याएवडंच इंजिन हाय," केसरीनाथ म्हणाला.

"मंग होऊन जाऊ दे! येत्या रविवारी, तुमच्या गोदामांच्या रस्त्यावं. पान्याच्या टाकीपासून वडापरत. सुट्टी असते, कुत्रं नसतं रस्त्यावं."

केसरीनाथ काही बोलणार, त्याआधी धोंडूबाई पुढे आली. टेम्पो तिच्या जिव्हारी लागला होता.

"होऊ दे. पन केसरी, आयक. हरलास तर स्टेरिंग धनेशच्या हातात. तू डावीकडं बसायचं, गपगुमान."

मांडवातल्या गोंगाटात केसरीनाथला फक्त 'डावीकडं' एवढंच ऐकू आलं. त्या सीटवर आपण बसायचं म्हणजे ती मागे सरकवावी लागणार. 

"शर्यतीचे नियम छकड्याचे," तो म्हणाला.

"छकड्याचे तर छकड्याचे!" अनंताने टाळी दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी केसरीनाथ धामणकर नाक्याजवळच्या दौलत मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये हजर झाला. दौलत वीस वर्षं पॉवरलूमवर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, होता. चाळीस माग एकदम धडधडत असताना त्यातला कुठला आजारी आहे हे तो चहा पिता पिता सांगायचा. माग विकले गेले तेव्हा तो गाड्यांकडे वळला. नवी गाडी घेतल्यापासून केसरीनाथ त्याच्याशिवाय कोणाकडे गेला नव्हता.

"दौलत, गाडी पलली पायजे. पयलं काय करायचं?"

दौलतने बॉनेट उघडलं, स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून बराच वेळ ऐकलं.

"आधी ब्रेक," तो म्हणाला.

"मना पलायचंय. थांबायचं न्हाय."

"नाथशेठ, पळणारी गाडी कोणपण बनवतो. पॅड बघा, पापडासारखे झालेत. आधी ब्रेक, मग बाकी."

ब्रेक झाले. मंगळवारी केसरीनाथ पुन्हा आला. "आता पलव."

"आता टायर. हे गुळगुळीत झालेत. ताकद रस्त्यावर उतरणार कशी?"

हे केसरीनाथला पटलं. बैलालाही आधी नाल ठोकतात, मग चणे चारतात. टायर झाले. बुधवारी दौलतने ऑइल बदललं, कुलंट बदललं, आणि सीटबेल्ट ओढून बघितले. गाडी अशी थांबायला लागली की मागे बसलेल्या धोंडूबाईचं कपाळ दोनदा पुढच्या सीटवर आपटलं. पळायचं मात्र नाव नाही.

"दौलत, अरे मी तुज्याकं सुसाट जायला येतंय आनि तू मना थांबायचंच सामान इकतंस!"

दौलतने मान खाजवली. त्याची नजर केसरीनाथच्या पायाखालच्या सतरंजीकडे गेली आणि पटकन परत आली. "होईल, शेठ. धीर धरा," तो म्हणाला आणि दुसऱ्या गाडीखाली जाऊन आडवा झाला.

गुरुवारी धनेशचा धीर संपला. तो काकाला ठाण्याच्या एका काचेच्या दुकानात घेऊन गेला. तिथल्या पोराने कानात बाळी घातली होती आणि तो प्रत्येक गोष्टीला 'स्टेज वन' म्हणत होता. त्याने उघडा एअर फिल्टर बसवला आणि मागे मनगट आत जाईल एवढा सायलेन्सर लावला. गाडी चालवून बघायला चावी मागितली तेव्हा केसरीनाथ म्हणाला, "गाडी मीच चालवनार. तू कडंला उभा ऱ्हाऊन आयक."

ऐकण्यासारखं खूप होतं. संध्याकाळी गाडी पूर्ण्यात शिरली तेव्हा गोदामांच्या वॉचमननी शिट्ट्या वाजवल्या. धोंडूबाईच्या कोंबड्या दोन दिवस अंड्यावर बसल्या नाहीत. "दारात पिठाची गिरन उबी केलीस का रं?" तिने कानात बोटं घालून विचारलं. आणि शुक्रवारी धामणकर नाक्यावर हवालदाराने गाडी अडवली.

"एवढा आवाज? किती जोरात चालला होता?"

"चालीस," केसरीनाथ म्हणाला.

हवालदार रिक्षावाल्यांकडे वळला. ते खो खो हसत होते. "खरं बोलतोय साहेब! आम्ही दोनदा ओव्हरटेक केला त्याला."

हवालदाराने वही मिटली. "जा. बाबा, तुमच्या वयाला बरं नाही दिसत हे. एवढ्या आवाजात एवढं हळू."

शनिवारी धनेशने शेवटचा उपाय काढला. "वजन कमी करायचं, काका. फुकटचं काम." त्याने डिकीतून घडीची खुर्ची काढली, पाण्याचा पितळी तांब्या काढला, तीन छत्र्या, लोणच्याची बरणी आणि कुठल्या तरी जत्रेतून आणलेलं एक पोळपाट काढलं. सगळं ललिताचं. केसरीनाथने एकेक वस्तू घरात नेऊन नीट मांडली. परत आला तर धनेश पुढे वाकलेला.

"काका, या सतरंजीचं पण चांगलं किलोभर—"

"हात लाव. तुजंच वजन कमी करतंय."

धनेश सरळ झाला.

रविवारी सकाळी गोदामांची शटरं बंद होती आणि सिमेंटचा सरळ रस्ता रिकामा पडला होता. टाकीपाशी दोन पांढऱ्या गाड्या, वडापाशी फक्कीची रेघ, मधे दोन्ही बाजूंना अर्धा गाव. दौलतही आला होता. तो कोणाशी बोलत नव्हता. धोंडूबाईने मधोमध दगड ठेवला, नारळ हातात घेतला.

"फुटला का निंगायचं," ती म्हणाली आणि नारळ फोडला.

केसरीनाथच्या गाडीने असा आवाज केला की वडावरचे कावळे उडाले. पहिली पन्नास पावलं दोघं बरोबर होते. मग अनंताची गाडी सुटली. केसरीनाथने पाय दाबला, आणखी दाबला, सगळं अंग पायावर टाकलं. पाय खाली जाऊन टेकायचा आणि गाडी म्हणायची, बस, एवढंच. अनंताचा हात खिडकीबाहेर आला. लहान मुलांना हलवतात तसा तो हलला. केसरीनाथने एकदा डावीकडच्या रिकाम्या सीटकडे बघितलं.

तेवढ्यात रस्त्यावर म्हशी आल्या.

चिंधूच्या म्हशी होत्या. गोदामं व्हायच्या आधी त्या याच वाटेने खाडीवर जायच्या, आणि मधे जमीन विकली गेली आहे हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. दोन गोदामांच्या मधल्या बोळातून एक आली, तिच्यामागून अकरा.

अनंताने ब्रेक मारला. त्याच्या गाडीने दोन वर्षांत ब्रेककडे कधी लक्ष दिलं नव्हतं. ती किंचाळली, आडवी झाली, रस्ता सोडून उतरली आणि कडेला रचलेल्या लूमच्या चिंध्यांच्या गठ्ठ्यांत थेट पुढच्या दारांपर्यंत घुसली. केसरीनाथनेही ब्रेक मारला. त्याची गाडी जागच्या जागी उभी राहिली. पुढच्या म्हशीने बॉनेटचा वास घेतला आणि ती निघून गेली.

केसरीनाथ थांबला. बाराही म्हशी गेल्या. त्याने खाली उतरून गठ्ठ्यांत डोकावून विचारलं, "अनंता, लागलं का?"

"न्हाय," चिंध्यांतून आवाज आला. "दार उघडत न्हाय."

"बस मंग. आलोच."

तो परत गाडीत बसला आणि वरातीच्या चालीने वडापर्यंत जाऊन रेघ ओलांडली.

"ही काय शर्यत झाली?" मागच्या दाराने बाहेर पडून, अंगावरच्या चिंध्या झटकत अनंता ओरडत आला. "म्हशी मंदी आल्या!"

"छकडा रस्त्याबाहेर गेला का बाद," धोंडूबाई म्हणाली. "तूच टाली दिलीस. स्टेरिंग केसरीचं."

गाव पांगलं, तेव्हा केसरीनाथ दौलतला म्हणाला, "जिंकलो खरा. पन पलली न्हाय रं. आता त्यो आवाज काढ आनि गाडी पलवायची चिप का काय ती टाक."

दौलत उभा राहिला, घाम पुसला. "नाथशेठ, ती सतरंजी उचला."

"काय?"

"तुम्हीच उचला. मी नाय हात लावणार."

केसरीनाथने गाडीचं दार उघडलं. मग गुडघ्यावर बसून, शिवलेल्या कडेला धरून त्याने सतरंजी अलगद उचलली. ॲक्सिलरेटरच्या खाली, दोन स्क्रूंनी पक्का बसवलेला, मागावरचा लाकडी धोटा होता. मधोमध कापलेला, अर्धा. दिवसभर सूत घेऊन इकडून तिकडे धावायचं काम असलेला तो धोटा दोन वर्षं तिथे पायाला आडवा पडून होता.

"गाडी घेतली त्याच आठवड्यात वैनी आल्या होत्या," दौलत म्हणाला. "बोलल्या, लग्नाच्या पहिल्या वर्षी यांनी छकडा उलटवला, मी सहा महिने हाताने भरवलं. आता म्हातारपणी नाय भरवणार. कायतरी कर. वर सतरंजी त्यांनीच टाकली. मला शपथ घातली, सांगायचं नाय."

"मंग आज का सांगतंस?"

"बोलल्या होत्या, ज्या दिवशी ते वेळेवर ब्रेक मारतील, त्या दिवशी काढ."

केसरीनाथ गुडघ्यावर बसलेलाच होता. त्याने हात पुढे केला. "स्क्रूड्रायव्हर दे."

दौलतने दिला. केसरीनाथ आत वाकला. थोडा वेळ त्याची पाठच दिसत होती. मग तो उठला, सतरंजी अंथरली, कडा सरळ केल्या.

"एक स्क्रू ढिला झालेला," तो म्हणाला. "आवलला."

केसरीनाथने हातरुमालाने तोंड पुसलं आणि चिंध्यांत रुतलेल्या गाडीकडे बघितलं.

"अनंताची गाडी दुरुस्तीला तुज्याकंच येल ना?"

"येईल ना. त्याची बायको मघाशीच माझ्याशी बोलून गेली. रडत होती."

"धोट्याचा दुसरा अर्दा हाय का?"

दौलतच्या चेहऱ्यावर आठवड्यात पहिल्यांदा हसू आलं. "टाकतोय काय? लूमचं लाकूड हाय, शेठ."

महिनाभराने अनंता पूर्ण्याला आला. यायला त्याला नेहमीपेक्षा बराच उशीर झाला होता. त्याने चहाचा कप हातात घेतला. मग इकडे तिकडे बघून खालच्या आवाजात म्हणाला, "दाजी, अपघातापासून गाडी दबल्यासारकी झालीय. पाय दाबला तरी जात न्हाय. काल टेम्पो पुढं गेला. पयलं काय करू?"

केसरीनाथने चहाचा घोट घेतला.

"आधी ब्रेक," तो म्हणाला.