गल्ली नंबर चारच्या नळाला पाणी असल्याबाबत

छत्रपती संभाजीनगरातल्या मैत्रीनगरात, गल्ली नंबर चारमध्ये नळ नाही. त्यामुळं नळाला पाणी येत नाही, अशी तक्रार तिथल्या कुणालाही तांत्रिकदृष्ट्या करता येत नाही. दर चौथ्या दिवशी टँकर येतो. बायका ड्रम लावतात, भांडतात, भरतात. ही व्यवस्था अकरा वर्षं सुरळीत चालू होती. मग सम्यक दांडगेनं तिच्यावर सिनेमा काढला.

सम्यकचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. सिनेमा त्यानं मोबाइलवरच काढला. नऊ मिनिटांचा, विनोदी. गोष्ट एवढीच : निवडणूक तोंडावर आलेला एक पुढारी भिंतीत नुसता नळ ठोकतो, मागून गच्चीवरच्या टाकीची नळी जोडतो आणि पत्रकारांसमोर पाणी सोडतो. एक बाई हात जोडून म्हणते, "साहेब, तुमच्यामुळं माझा हंडा सुटला." कॅमेरे गेले की पुढाऱ्याची माणसं तोच नळ उपटून पुढच्या गल्लीत नेतात. बदनामीचा खटला नको म्हणून सम्यकनं पुढाऱ्याला नाव दिलं नव्हतं. तोंडही दाखवलं नव्हतं. नुसती पाठ आणि पांढरा सदरा.

हात जोडणाऱ्या बाईचं काम कडूबाई म्हस्केंनी केलं. त्या वाळूजच्या कंपन्यांतल्या पोरांना बत्तीस डबे देतात. घर त्या डब्यांवर चालतं आणि डबे टँकरवर.

गल्लीत चादर लावून सिनेमा दाखवला. लोक पोट धरून हसले. सम्यकनं तो मोबाइलवरून सगळीकडं टाकला.

आठवडाभरात तो सगळ्या शहरानं पाहिला. फक्त आता तो चाळीस सेकंदांचा होता. नळ, धार, हात जोडलेल्या कडूबाई, पांढऱ्या सदऱ्याची पाठ. खाली लिहिलेलं : 'नानासाहेबांनी करून दाखवलं.' नानासाहेब खरेखुरे उमेदवार होते आणि पाठ कुणाचीही असू शकते. एका वाहिनीनं धारेभोवती लाल गोल काढून ती दिवसभर चालवली. संध्याकाळी दोन तज्ज्ञांनी पाण्याच्या दाबावर मतभेद व्यक्त केले.

त्या आठवड्यात टँकर आला नाही.

वॉर्ड कार्यालयात कनिष्ठ अभियंता सर्जेराव बसले होते. कडूबाई आणि सम्यक समोर उभे राहिले.

"टँकर बंद," सर्जेराव म्हणाले. "तुमच्याकडं नळ आलाय."

"कुठं आलाय, साहेब?" कडूबाईंनी विचारलं.

सर्जेरावांनी स्वतःचा मोबाइल पुढं केला. "ह्या तुम्हीच ना?"

"व्हय. पण ते नाटक हाय."

"पाणी पडताना दिसतंय की."

"ते टँकरचंच पाणी व्हतं. टाकीत भरलेलं."

"म्हणजे टँकरच्या पाण्याचा गैरवापर," असं म्हणून सर्जेरावांनी शांतपणे नोंद घेतली.

सम्यक तापला. "साहेब, गल्लीत चला. भिंत दाखवतो. नळच नाही तिथं!"

"पाहणीला गाडी नाही. आणि समजा आलो अन् नळ दिसला नाही, तर चोरीचा गुन्हा टाकावा लागेल. तुमच्यावर. नळ सरकारी असतो."

"मग आम्ही करावं काय?"

"सिनेमा खोटा आहे असा सक्षम यंत्रणेचा दाखला आणा. लगेच टँकर."

"बत्तीस पोरं जेवायची हायेत माझ्याकडं," कडूबाई म्हणाल्या. "दाखला शिजवून घालू का त्यायला?"

सर्जेरावांनी ही तक्रार लेखी मागितली.

सक्षम यंत्रणा क्रांती चौकाच्या मागं होती. नानासाहेबांचा तथ्य पडताळणी कक्ष. ज्या कॉम्प्युटरवर चाळीस सेकंदं कापली गेली, त्याच कॉम्प्युटरवर तिथं खरंखोटं तपासतात. कक्षप्रमुख देवेशनं उठून दोघांना खुर्च्या दिल्या, पाण्याच्या सीलबंद बाटल्या दिल्या. कडूबाईंनी दोन्ही पिशवीत टाकल्या.

"दादा, काय सिनेमा केलाय!" देवेश म्हणाला. "आमच्या पोरांना ट्रेनिंगमध्ये दाखवतो आम्ही."

"अरे, तो तुमच्यावरच आहे!"

"म्हणून तर."

दाखला दहा मिनिटांत मिळाला, गोल शिक्क्यासह. 'सदर चित्रफितीतील नळाला पाणी आल्याची चाळीस सेकंदे खरी आहेत. नळ उपटून नेल्याची दृश्ये बनावट असून ती विरोधकांनी नंतर जोडली आहेत.'

"मी जोडली ती! मीच काढलाय सिनेमा!"

"मग तसं लिहून द्या ना, दादा," देवेश आपुलकीनं म्हणाला. "कारवाई सोपी जाईल."

पुढच्या पंधरवड्यात बत्तीस डब्यांचे एकोणीस झाले. जारच्या पाण्यात तेवढेच शिजतात.

विनोद केला हीच चूक झाली, असं सम्यकचं मत पडलं. त्यानं दुसरी फीत काढली. त्यात गोष्ट नव्हती, संगीत नव्हतं, पांढरा सदरा नव्हता. कोरड्या ड्रमांपुढं कडूबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी कडूबाई म्हस्के. आमच्या गल्लीत नळ नाय. व्हता तो टँकर बंद केला. माझे डबे बुडायलेत. हे खरं हाय."

"मावशी, अजून एकदा घेऊ?"

"कामून? खरं किती येळा बोलू?"

कडूबाईंचा चेहरा आता शहराच्या ओळखीचा होता. फीत चाळीस हजार लोकांनी पाहिली. प्रतिक्रियांचा पाऊस पडला. गल्लीत पडलेला तेवढाच. 'काकू रॉक्स.' 'पहिल्या भागाची मजा नाही.' 'ड्रम अगदी खरे वाटतात, सेट भारी.' 'शेवटी थोडं रडायला हवं होतं.' 'तिसरा भाग कधी?'

महिनाअखेरीस वॉर्ड कार्यालयाचं पत्र आलं. तोवर शेवटचा डबाही बंद झाला होता. सम्यकनं ते कडूबाईंना वाचून दाखवलं : 'अर्जदार महिला व्यवसायाने अभिनेत्री असून पाणीटंचाई हा तिच्या भूमिकेचा भाग असल्याचे नागरिकांच्या प्रतिक्रियांवरून सिद्ध होते. सबब टँकरचा अर्ज कायमस्वरूपी निकाली काढण्यात येत आहे. पुरावा : जोडपत्र अ.'

"कोणकोण हाय त्याच्यात?" कडूबाईंनी विचारलं. "वाच सगळी नावं."

दोनशे सहा नावं आहेत. प्रत्येकापुढं त्याची प्रतिक्रिया शब्दशः दिली आहे. तुम्ही काही लिहिलं नव्हतं, नुसता हसरा चेहरा टाकून पुढं सरकला होतात. कार्यालयानं तोही ग्राह्य धरलाय. एकशे चौदावं नाव बघा.