केळीच्या गादीवरची बोट

लोटूनाना माणसाशी नंतर बोलतो, आधी त्याला पेचकस लावून ऐकतो.

हातभर लांबीचा पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, त्याच्या कमरेला कायम खोचलेला असतो. लोखंडी टोक इंजिनावर टेकवायचं, लाकडी मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटायचे. आत काय बिघडलंय ते त्याला कळतं म्हणे. इंजिनाचं ठीक आहे. पण हा बाबा म्हशीच्या पोटाला पेचकस लावतो, पिठाच्या गिरणीच्या भिंतीला लावतो. एकदा मी ओट्यावर पाय पसरून बसलो होतो, तर माझ्या गुडघ्याला लावला.

"आबा, तुना गुडघाम्हानं ग्रीस सरी गयं."

"तुना डोकाम्हानं कव्हयच सरेल शे," मी म्हणालो.

आमचं शेजारपण असं. मधे एक भिंत आणि तिच्यावरून रोज एक भांडण. आमचं गाव तापीच्या काठाला, नरडाण्याहून तासाभराच्या वाटेवर. नानानं उभी हयात विहिरीवरची डिझेल इंजिनं दुरुस्त करण्यात घालवली. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तो दारातल्या निंबाला झोका बांधतो. आखाजीला लेकीबाळी माहेरी येतात, झोक्यावर बसून गाणी म्हणतात. नानाच्या घरी कोण येणार? झोका आपला वाऱ्यानं हलत राहतो. गाव हसायचं. मीही हसायचो, मी काय गावाबाहेरचा आहे?

तर गेल्या साली नानानं बोट आणली.

कुठल्याशा धरणावर लोकांना फिरवणारी जुनी बोट भंगारात निघाली होती. फायबरची, मागच्या अंगाला पोटात इंजिन आणि पाठीबाहेर लोंबणारा पाय, त्या पायाला पंखा. ट्रॉलीवरून ती गल्लीत शिरली तेव्हा शाळा सुटल्यासारखी गर्दी झाली.

"नाना, याना काय करशी?" मी विचारलं.

"पर्यटक फिरावसू."

आमच्या गावात पर्यटक म्हणजे वाट चुकलेला खताचा एजंट. पण नानाला वाद घालायचा नव्हता. फायबरचं पोट नाजूक, त्याला कठीण टोचायला नको म्हणून त्यानं कापणी झालेल्या मळ्यातून केळीचे जाडजूड खांब आणले आणि अंगणात अंथरून त्यांच्यावर बोट निजवली. बाळंतिणीला गादी द्यावी तशी. सगळ्या गावानं माना डोलावल्या. तापीकाठच्या माणसाला केळीचं कौतुक भारी.

इंजिन सुरू केलं की मागून घरघर यायची. चाक फिरवून पंख्याचा पाय वळवला की घरघरीची गुरगुर व्हायची. नानानं पेचकस लावला, डोळे मिटले.

"भाता फाटेल शे. पानी शिरनं. बेरिंग गयी."

उघडून बघितलं तर खरंच, पायाच्या सांध्यावरचा रबरी भाता चिरलेला आणि आतल्या बेरिंगवर गंज चढलेला. एवढं मात्र त्यानं बरोबर सांगितलं, मी कबूल करतो. दोन्ही नवीन घातले. आता राहिलं एकच काम, इंजिन सरळ बसवायचं. इंजिन आत, पाय बाहेर, मधे बोटीच्या मागच्या फळीच्या भोकातून जाणारा दांडा. इंजिन केसभर वरखाली झालं तरी दांडा थरथरतो आणि स्वतःचेच दात खातो.

नानानं एक गुळगुळीत सळई घेतली, टोकाला मारुतीच्या देवळातला शेंदूर तेलात कालवून लावला आणि बाहेरून भोकात घातली. बेरिंगमधून पुढं इंजिनाच्या तोंडात ती नुसत्या दोन बोटांच्या जोरावर गेली पाहिजे. अडली की ओढून बघायचं, शेंदूर कुठल्या बाजूनं खरवडला. मग इंजिनाच्या पुढच्या पायांचे नट फिरवून ते वर किंवा खाली घ्यायचं. संध्याकाळी सळई लोण्यात सुरी जावी तशी गेली. इंजिनाच्या झाकणावर नानानं पितळी पेला काठोकाठ भरून ठेवला, इंजिन चालू केलं. पाणी हललं नाही.

"माले थरथर नको, आबा. थेंब सांडाले नको."

सकाळी सळई अडली.

पुन्हा नट, पुन्हा शेंदूर. संध्याकाळी गेली. सकाळी अडली. असं रोज चाललं. मारुतीचा शेंदूर इतका कमी झाला की पुजारी चौकशीला आला. नानानं आधी म्हशीवर आळ घेतला, ती बोटीला अंग घासते म्हणून. मग इंजिनाला लिंबू-मिरची बांधली. मी म्हणालो, "सळई वाकडी शे."

"सळई सरळ शे. तुनी नजर वाकडी शे! तूच येस रातले नि नट फिरावस."

माझ्यावर असला आळ! मी भिंतीकडं पाठ करून बसायला लागलो. कानावर तर पडायचंच. रोज संध्याकाळी नाना मोबाईलला रेंज मिळावी म्हणून निंबाखाली उभा राहून ओरडायचा, "नही, नही, आजून थरथर शे! आखाजीपर्यंत व्हयी जाई! तू घाई करू नको!" मला वाटलं, सामानवाल्या दुकानदाराशी हुज्जत घालतोय. आखाजी तोंडावर आलेली आणि माणूस पार वाळला होता. जेवण विसरायचा.

शेवटी कोडं सोडवलं आमच्या म्हातारीनं, माझ्या बायकोनं. आमचं भांडण तिच्या खिजगणतीत नव्हतं, ती रोज नानाला चहा द्यायची. त्या सकाळी ती कप हातात घेऊन बोटीपाशी उभीच राहिली.

"नाना, पयले कप ठेवाले माले हात वर करना पडे. आते काठ कंबरले लागस. तुम्हनी होडी जमिनवर बी बुडस का हो?"

नाना वाकला. मीही भिंतीवरून वाकलो. केळीचे खांब पार चेपले होते. उन्हाच्या बाजूचे सुकून चपटे, सावलीचे अजून फुगलेले. बोट एका अंगानं रोज थोडी खाली बसत होती, तिचं पोट पिळलं जात होतं आणि पोटाबरोबर इंजिन. नानानं माझ्याकडं बघितलं. मी नानाकडं. माफी कुणीच मागितली नाही, आम्ही तसले नाही. मी बैलगाडी जुंपून बाभळीचे ओंडके आणले, त्यानं "हाऊ आडवा टाक" एवढंच म्हटलं.

त्या संध्याकाळी सळई गेली. सकाळीही गेली. नानानं ती पुन्हा पुन्हा आतबाहेर करून बघितली, लहान पोरासारखं.

आखाजीच्या सकाळी ट्रॅक्टरनं बोट तापीत उतरवली. बंधाऱ्याचं पाणी अजून भरपूर होतं. बोटीच्या मधोमध नानानं लोखंडी खुर्ची पक्की बसवली होती, वर जाड गोधडी.

"हाई सिंहासन कोनासाठे?"

"पर्यटक."

मी पुढं फळीवर बसलो. झाकणावर भरलेला पेला. बोट सरळ पैलतीराकडं निघाली, इतकी हळू की कासवानं शिवी दिली असती.

"वेग वाढाव ना, भो!"

"गप बठ."

पैलतीरावर एक म्हातारी गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती. हातात काठी. बोट टेकली तशी ती ओरडली, "लोट्या, थरथर गयी का रे?"

ते 'थरथर' ऐकलं आणि फोनवरचा दुकानदार कोण ते मला कळलं.

नानाची थोरली बहीण, यशोदाअक्का. पलीकडच्याच गावात दिलेली, आमच्या काठावरून दिसतं एवढं जवळ. पण पुलावरून फेरा घालून यायचं तर खड्ड्यांचा रस्ता, आणि तिचे गुडघे गेलेले. मागं एकदा आखाजीला निघाली होती, अर्ध्या वाटेत जीपवाल्याला रडत म्हणाली, बाबा, मला परत ने. तेव्हापासून माहेर बंद. हे मला अक्कानंच सांगितलं, नानानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. तो फक्त झोका बांधायचा.

आम्ही दोघांनी तिला उचलून खुर्चीत बसवलं. बोट निघाली. नानाची नजर पेल्यावर. मधोमध आल्यावर अक्कानं हात लांब करून पेला उचलला आणि घटाघटा पिऊन टाकला.

"तहान लागनी व्हती," ती म्हणाली.

नाना रिकाम्या पेल्याकडं बघत राहिला. मग त्यानं कमरेचा पेचकस काढला. मला वाटलं इंजिनाला लावेल. त्यानं टोक अलगद अक्काच्या गुडघ्यावर टेकवलं, मूठ कानाशी धरली, डोळे मिटले. बराच वेळ उघडलेच नाहीत.

"काय म्हणस रे मना गुडघा?"

"म्हणस," नानानं मूठ कानाशीच ठेवली, "झोकावर बसनं शे."

अक्कानं त्याच्या पाठीत गुद्दा घातला. मी पाण्याकडं तोंड फिरवलं. सुकाणू मग मलाच धरावं लागलं.