बंबाची मोटार

दिनानाथ मास्तरांच्या घरी आलेली पत्रं तारेच्या आकड्यात टोचून ठेवण्याची पद्धत होती. उत्तर गेलं की पत्र खाली सरके, नवं वर बसे. पण दिवाळीनंतर आठ दिवसांनी नेऱ्याहून आलेलं एक पत्र संक्रांत आठवड्यावर आली तरी सगळ्यात वरच होतं. नवीन पत्र आलं की मास्तर ते मुद्दाम त्याच्या खाली टोचत. उत्तर दिलेलं नाही हे विसरू नये म्हणून. ते विसरले नाहीत, आणि त्यांनी उत्तरही दिलं नाही.

पत्र काशीरामचं होतं. काशीराम मास्तरांच्या हाताखाली चौथीपर्यंत शिकला आणि मग बापाच्या शेतात उतरला. रोज पहाटे नेऱ्याची भाजी आणि दूध बैलगाडीने पनवेलच्या बाजारात आणायचा. त्याने लिहिलं होतं:

"मास्तरांस दंडवत. धर्मराजशेट आपली मोटार विकताहेत. लढाईमुळे पेट्रोल मिळत नाही म्हणून तिच्या मागे कोळशाचा बंब बसवला आहे, त्याच्या धुरावर ती चालते. थोडे पैसे साठवले आहेत, त्यात आमची बैलजोडी विकून आलेले घातले तर मोटारीचे पैसे उभे राहतात. परवडेल की नाही ते हिशेब करून कळवावे. बाबा म्हणतात, मास्तरांचे पत्र पोस्टाने आल्याशिवाय बैलांच्या दाव्याला हात लावायचा नाही. तुम्ही लिहाल तसे करू."

या शेवटच्या वाक्याने घात केला. मास्तरांनी एकतीस वर्षं मुलांना शिकवलं, पण त्यांनी म्हटलं तसं करायला आजवर कोणी बसलं नव्हतं. घरात तर नाहीच. आता एका कुटुंबाची बैलजोडी त्यांच्या दौतीत येऊन उभी राहिली होती.

त्यांनी उत्तर लिहायला घेतलं नाही असं नाही. अकरा वेळा घेतलं. "मोटार बैलापेक्षा वेगाने जाते, परंतु" इथे पहिलं थांबलं. "बैल बसून राहिला तरी खातो, मोटार खात नाही, परंतु" इथे चौथं. दर खेपेला "परंतु"पाशी शाई वाळायची आणि तो कागद धोतरांच्या ट्रंकेत तळाशी जायचा. शेवटी मास्तरांच्या लक्षात आलं की आपल्याला कोळशाचा भावच नक्की ठाऊक नाही. म्हणून ते ठमाबाईच्या वखारीवर गेले.

"ठमाबाई, लाकडी कोळसा महिन्याला वीस पोती घेतला तर काय भावाने पडेल?"

ठमाबाई त्यांना गेली कित्येक वर्षं इस्त्रीपुरता अर्धी पाटी कोळसा देत होती. तिने तराजू खाली ठेवला.

"ईस पोती? मास्तर, घरात लोहार ठेवलाव काय?"

दुसऱ्याच्या पत्रातली गोष्ट चारचौघांत बोलू नये, हे मास्तरांचं तत्त्व. म्हणून ते फार जपून म्हणाले, "मोटारीला लागेल."

"कुनाच्या मोटारीला?"

"ते अजून ठरायचं आहे."

संध्याकाळी न्हाव्याने दाढी करता करता विचारलं, "मास्तर, आपटा गावी बहिणीकडे जायचंय. मोटारीत एक जागा ठेवाल ना?"

"मी मोटार घेत नाही हो," मास्तर साबणातून म्हणाले.

"बरोबर. घेईपर्यंत बोलूच नये. दृष्ट लागते."

पनवेलात रीतच तशी. घर, सोनं, म्हैस, काहीही घ्यायचं असलं की माणूस आधी नाही म्हणतो. मास्तर तर तीनदा नाही म्हणाले. त्यामुळे व्यवहार जवळजवळ पुरा झाल्याची गावाची खात्री पटली.

घरी मास्तरांच्या पत्नी चंद्रावतीबाई ट्रंक उपसून बसल्या होत्या. आधी त्यांनी आपल्या पाटल्या जागेवर आहेत का ते पाहिलं. त्या होत्या. मग धोतरांखाली अकरा कागद सापडले. तेही त्यांनी वाचले.

"म्हणजे मोटार काशीरामला घ्यायची आहे," त्या म्हणाल्या. "आणि मला शेजारच्या कृष्णाबाईने विहिरीवर विचारलं, मोटार कधी येणार म्हणून."

"मग तू काय सांगितलंस?"

"काय सांगणार? बावीस वर्षं संसार केला आणि नवरा मोटार घेतोय हे बायकोला माहीत नाही, असं सांगू? म्हटलं, रविवारी देवदर्शनाला नेणार आहेत."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. काही सुचलं नाही की ते तेवढंच करत.

रविवारी सकाळी दारात मोटार उभी राहिली. धर्मराजशेट स्वतः घेऊन आले होते. मोटारीच्या पाठीला न्हाणीघरातल्या बंबासारखा पण माणसाएवढा उंच पत्र्याचा बंब जोडलेला होता.

"मास्तर, तुम्ही बोलला नाहीत तरी बाजार बोलतो," शेट म्हणाले. "आधी एक फेरी मारा, मग भावाचं पाहू. बंब नुकताच भरलाय. ड्रायव्हर आला नाही, तेव्हा एवढा हात फिरवा. निखारा फुलला की निघालो."

त्यांनी भात्याचा दांडा मास्तरांच्या हाती दिला. हाती दिलेली वस्तू नको म्हणायला मास्तरांना फार वेळ लागे, आणि तेवढ्यात ती त्यांचीच होऊन बसे. ते दांडा फिरवू लागले. आळीभर धूर झाला. कृष्णाबाईंनी वाळत घातलेली लुगडी आत नेली, पण रागावल्या नाहीत. उलट म्हणाल्या, "नवं आहे, होतं असं."

चंद्रावतीबाई ठेवणीतलं नऊवारी नेसून बाहेर आल्या. दारात वाहन आलं की ते कोणाचं का असेना, त्याला कुंकू लावल्याशिवाय राहणं त्यांना जमलं नसतं. त्यांनी मोटारीच्या नाकावर कुंकू लावलं, चाकापाशी नारळ फोडला आणि मागच्या बैठकीवर जाऊन बसल्या. शेजारणीला दिलेला शब्द होता.

नेमकी त्याच वेळी काशीरामची बैलगाडी आळीत वळली. बाजार आटोपून तो आज स्वतःच उत्तर विचारायला निघाला होता. त्याने कासरा ओढला. कुंकू पाहिलं, नारळ पाहिला, भात्यावर वाकलेले मास्तर पाहिले.

"तरीच उत्तर नाय आलं," तो हळूच म्हणाला.

मास्तरांच्या हातून दांडा सुटला. "काशीराम, तसं नाही रे."

"तसंच हाय, मास्तर. मी इचारलं घेऊ का. तुमी म्हनला असाल, येवरी चांगली हाय तं आपनच का नको? घ्या. गुरूच्या म्होरं शिष्यानं जाव नाय." तो बैलांकडे पाहून बोलत होता. "फकस्त येक ओळ टाकायची होती. बाबा रोज पोस्टमनची वाट बगत बसतो."

 मास्तरांनी चष्मा पुसला. हात कोळशाचे होते, त्यामुळे चष्मा काळा झाला.

चंद्रावतीबाई मोटारीतून उतरल्या, आत गेल्या आणि ते अकरा कागद आणून काशीरामच्या हातात ठेवले. "वाच. सगळे तुलाच लिहिलेत."

काशीराम गाडीच्या जुवावर टेकून एकेक अक्षर लावत वाचू लागला. तिसऱ्या कागदाला त्याचा चेहरा सैल पडला. अकराव्याला त्याने मान वर केली.

"ह्ये ईस पोती कोलशाचं कशापायी लिवलंय?"

"विकत घ्यावा लागेल ना दर महिन्याला. तिथेच हिशेब बुडतो. मोटार परवडत नाही ती त्यामुळे."

"नेऱ्याच्या मानसानं कोलसा इकत घ्यायचा?" काशीराम आता हसायलाच लागला. "मास्तर, वरच्या रानात आमच्याच तीन भट्ट्या हायत. ठमाबाईच्या वखारीत येतो तो कोलसा आमचा. तिलाच इचारायचं, कोन देतो म्हनून."

मास्तर पायरीवर बसले. त्यांनी भाव विचारला होता, पेंढ्याचा खर्च मांडला होता, बैलाच्या नालांचासुद्धा मांडला होता. कोळसा येतो कुठून एवढंच विचारलं नव्हतं.

"मग परवडते," ते म्हणाले. पुढे "परंतु" आलं नाही याचं त्यांनाच आश्चर्य वाटलं.

"तोंडी नको. मास्तर, कारड लिवा. मी हातानं चिठ्ठी नेली तं बाबा म्हनंल, तूच लिवली. त्याला पोस्टाचा शिक्का लागतो."

मास्तरांनी तिथेच गुडघ्यावर कार्ड घेतलं आणि लिहिलं, "मोटार घ्यावी." धर्मराजशेटांना खरं गिऱ्हाईक आता कळलं. ते म्हणाले, "चला, मोटारीतूनच जाऊ पोस्टापर्यंत. काशीराम, तू गाडी घेऊन मागून ये, बघ कशी पळते."

बोलण्याच्या नादात भात्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं आणि बंब निवत आला होता. शेटांनी बाटलीतलं घोटभर पेट्रोल घालून मोटार सुरू केली. ती देवाळे तळ्यापर्यंत छान गेली. तिथे पेट्रोल संपलं, बंबाने एक उसासा टाकला आणि मोटार भर रस्त्यात उभी राहिली.

मागून बैलगाडी आलीच. काशीरामने बैल सोडले आणि दोराने मोटारीला जुंपले. मोटार पुन्हा चालू लागली. आत पुढे धर्मराजशेट चाक धरून, मागे मांडीवर कार्ड घेतलेले मास्तर आणि पदर सावरून ताठ बसलेल्या चंद्रावतीबाई, अशी ती बाजारातून निघाली. पानवाला दुकानाबाहेर आला. न्हाव्याने अर्ध्या दाढीवर गिऱ्हाईक सोडलं.

वखारीतून ठमाबाई म्हणाली, "शेट, ह्या बैलांना किती पोती कोलसा लागतो?"

"काशीराम, जरा लवकर हाक," शेट पुटपुटले. "पन्नास कमी दे."

"बैल हायत, शेट. आपल्या चालीनंच चालनार."

कापडबाजारात शेट म्हणाले, "बरं, शंभर कमी दे." मिठाईवाल्यापाशी अजून पन्नास उतरले. काशीराम मागे वळून न पाहता "बरं" म्हणायचा आणि बैलांना थोपटायचा. पोस्ट येईतो मोटारीची किंमत बरोबर एका बैलजोडीने खाली आली होती.

मास्तर उतरले आणि लाल पेटीपाशी गेले. कार्ड तिच्या तोंडाशी नेलं आणि हात थांबला. आतून ते "परंतु" वर येत होतं. त्यांनी मागे पाहिलं. दोन्ही बैल मोटारीपुढे निवांत रवंथ करत उभे होते.

"मास्तर, आता काय झालं?" काशीरामने विचारलं. त्याच्या आवाजात काळजी होती.

"काही नाही. एक ओळ राहिली."

मास्तरांनी खिशातली पेन्सिल काढली, पेटीच्या डोक्यावर कार्ड ठेवलं आणि खाली लिहिलं, "बैल विकू नयेत." मग ते आत टाकलं, आणि पडल्याचा आवाज येईपर्यंत कान लावून उभे राहिले.