फाटकी उशी

गुरुवारी सकाळी उपसंपादकांच्या लेखावर लसूण सोलला जात होता. लेख त्याच दिवशीचा होता, शाईचा वाससुद्धा गेला नव्हता. बायकोने फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला होता आणि त्यातून तिच्या थोरल्या बहिणीचा नवरा बोलत होता. मांडी घालून, एका नव्या कोऱ्या गादीवर बसून.

"दोन मोठ्या कंपन्या एक झाल्या म्हणे," गादीवरचा माणूस सांगत होता. "एक टीव्हीवाली, एक सिनेमावाली. दोघी तोट्यात. आता माझं एवढंच म्हणणं आहे, दोन फाटक्या गाद्या एकमेकींना शिवल्या म्हणून झोप चांगली लागत नाही. उचलणाऱ्याची कंबर तेवढी मोडते."

बायको हसली आणि लसणाची एक पाकळी खाली पडली. त्याच दोन कंपन्यांच्या विलीनीकरणावर उपसंपादकांनी पानाचा तिसरा हिस्सा भरला होता. भागभांडवल, नियामक, दूरगामी परिणाम, सगळे त्यात आले होते आणि एकही काना-मात्रा चुकली नव्हती.

"भावजींनी एका वाक्यात सांगितलं हो," बायको म्हणाली. "तुमचंही वाचणारच होते मी. पण त्यावर लसूण होता."

उपसंपादकांना कचेरीत सगळे 'वेलांटी' म्हणत. ऱ्हस्वाच्या जागी दीर्घ दिसले की त्यांना घास गोड लागत नसे. शेजाऱ्याच्या दारावरची पाटी त्यांनी एकदा स्वतः रंग-ब्रश आणून शुद्ध केली होती, आणि तेव्हापासून शेजारी जिन्यात त्यांना पाहिले की भिंतीकडे तोंड करून चढत असे. 'यंत्रयुग' नावाचे त्यांचे सदर दर गुरुवारी येई. नवी यंत्रे, नवे फोन, बातम्यांचे बदलते जग, असे सगळे विषय ते हाताळत. वाचकांची पत्रे येत नसत असे नाही. मागे एका गृहस्थांनी सदराचा टाइप बारीक असल्याचे कळवले होते.

साडूचे मात्र वेगळेच होते. त्याचे गाद्यांचे दुकान. एका मंद दुपारी गिऱ्हाईक नव्हते म्हणून त्याने गादीवर बसून फोनशी गप्पा मारल्या, आणि जगाला त्या आवडल्या. त्याला तंत्रज्ञानातले काही कळत नव्हते आणि हे तो स्वतःच सुरुवातीला सांगून टाकी. नंतर मत देई. पाहणारे लाखांनी वाढले. लोक मतासाठी येत आणि जाताना गादी घेऊन जात.

साडू हा देवाने खास तुलनेसाठी घडवलेला नातेवाईक आहे. भावाचे यश निदान आपल्या घराण्यात राहते, शेजारी कधीतरी घर बदलतो. साडूची मात्र एकाच सासऱ्याच्या तराजूत आपल्या समोरच्या पारड्यात कायमची नेमणूक झालेली असते. वेलांटींचे पारडे इतकी वर्षे जड होते, कारण त्यांचे नाव छापून येई. आता ते हलके होऊन हवेत लोंबकळत होते आणि खालच्या पारड्यात साडू मांडी घालून बसला होता.

दुसऱ्या दिवशी साडूने मनगटी घड्याळांवर मत दिले. "घड्याळ सकाळी सांगतं, रात्री तुम्ही नीट झोपला नाहीत. अरे, मला माहितीय, मीच जागा होतो." ही बातमी वेलांटींनी झोपेच्या शास्त्राच्या अंगाने तीन आठवड्यांपूर्वी दिली होती. तिच्याकडे कुत्रेही फिरकले नव्हते. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. जेवणाच्या सुट्टीत ते कचेरीच्या गच्चीवर गेले, पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसले आणि त्यांनी 'फाटकी उशी' या नावाने एक खोटे खाते उघडले.

साडूच्या त्या मताखाली त्यांनी लिहिले, "घड्याळाला दोष कशाला. तुमच्या दुकानातली गादी घेतली कि माणूस जागाच राहतो."

आपण ओळखू येऊ नये म्हणून 'कि' त्यांनी मुद्दाम ऱ्हस्व लिहिला. भातात खडा लागावा तसे दाढेत काहीतरी कचकले. पण आयुष्यात प्रथमच त्यांनी दोन ओळींत काहीतरी संपवले होते, आणि जिना उतरताना त्यांना फार हलके वाटले.

संध्याकाळपर्यंत त्या दोन ओळींवर हजारो लोकांनी पसंतीचा अंगठा उठवला होता. साडू चिडेल, निदान त्याचे तोंड उतरेल, असा वेलांटींचा हिशेब होता. साडूने ती ओळ दुसऱ्या दिवशी स्वतःच वाचून दाखवली आणि गादीवर मागे कलंडून, पोट धरून हसला. "कोण आहे हो ही फाटकी उशी? रोज येत जा."

वेलांटी रोज जाऊ लागले, दुपारी कचेरीच्या गच्चीवरून आणि रात्री घरच्या गॅलरीतून. लेख लिहिणारी यंत्रे आली, आता लेखकांचे काय होणार, असे साडू म्हणाला, तेव्हा उशीने लिहिले, "यंत्राला गादीवर बसून बडबड करायला सांगून बघा. नाही म्हणेल. त्यात लाज घातलेली असते." घडीचा फोन निघाला, बातम्यांचे एक मोठे संकेतस्थळ बुडाले, कुठल्याशा कंपनीने माणसे काढून यंत्रे बसवली, साडूचे मत आणि खाली उशीचा टोमणा, अशी जोडीच जमली. लोक साडूचे ऐकायच्या आधी खाली उशी काय म्हणते ते पाहू लागले. साडूचे प्रेक्षक दुप्पट झाले. घाव घालावा आणि समोरच्याला मालिश झाल्यासारखे वाटावे, तसे वेलांटींचे झाले.

घरी आणखीच वेगळा प्रकार. बायको उशीच्या ओळी मोठ्याने वाचून दाखवी.

"किती चटपटीत लिहितो हा माणूस," ती म्हणे. "तुम्ही वाचत जा हो याचं. शिकण्यासारखं आहे."

पहिल्यांदा हे ऐकले तेव्हा वेलांटींना गुदगुल्या झाल्या. नंतर मात्र ते पानावरून लवकर उठू लागले. एवढ्या वर्षांच्या संसारात 'यंत्रयुग'मधले एक वाक्य तिने असे वाचून दाखवले नव्हते. "भाषा किती अशुद्ध आहे ते बघ," ते एकदा म्हणाले. ती म्हणाली, "असू दे. माणूस जिवंत वाटतो."

रविवारी साडूने जेवायला बोलावले. जेवणे झाल्यावर त्याने पिशवीतून एक उशी काढून वेलांटींच्या मांडीवर ठेवली. पांढऱ्या अभ्र्यावर निळ्या दोऱ्याने भरतकाम केले होते : 'गादी घेतली कि माणूस जागाच राहतो.' दुकानात या उशा गादीसोबत ठेवल्या होत्या आणि गिऱ्हाइकांच्या उड्या पडत होत्या. "तुम्ही शब्दांतले माणूस, साडूभाऊ," तो मनापासून म्हणाला, "म्हणून पहिली तुम्हाला."

वेलांटी त्या 'कि'कडे पाहत राहिले. शाईने लिहिलेला असता तर तिथल्या तिथे दुरुस्त केला असता. दोऱ्याने भरलेल्या चुकीला इलाज नव्हता.

मग सगळे उशीचेच बोलू लागले. मेहुणीला वाटत होते, कुणी मोठा साहित्यिक असावा. साडूला वाटत होते, तरुण पोरगा असेल, एवढी धार वयात येते तेव्हाच असते. त्याने वेलांटींचे मत विचारले.

"शुद्धलेखन कच्चं आहे," वेलांटी म्हणाले. मेहुणीने त्यांच्या वाटीत न विचारता आणखी गोड वाढले, जसे आजारी माणसाला वाढतात.

परतीच्या वाटेवर बायको म्हणाली, "माणसानं एवढं जळू नये."

"कुणावर जळतोय मी?"

"उशीवर."

हे मात्र खरे होते, आणि तेच असह्य होते. साडूवर जळणे एकवेळ माणसाला शोभते. स्वतःच्याच टोपणनावावर जळून खाक होणारा प्राणी आपण एकटेच असू असे वेलांटींना वाटले. सोमवारी दुपारी ते गच्चीवर गेले आणि त्यांनी फाटक्या उशीचे खाते कायमचे मिटवून टाकले.

त्यानंतर दोन दिवस शांततेत गेले. मग लोक उशीला शोधू लागले. साडूने गादीवरून हात जोडून तिला परत यायची विनंती केली. 'खरी फाटकी उशी', 'फाटकी उशी मोठी', 'उशीचा अभ्रा' अशी नवी नवी खाती उगवली. बहुतेक रटाळ होती. 'खरी फाटकी उशी' मात्र पहिलीपेक्षा चार पावले पुढे होती. बातम्या आता यंत्रच वाचून दाखवणार, असे साडू म्हणाला, तर तिने लिहिले, "चालेल. निदान ते वाचताना आपल्याला 'ऐकतेयस ना' असं विचारणार नाही." वेलांटींना ओळ आवडली. तोंड मात्र कडू झाले. आपण मेलो तर मेलो, पण आपल्या जागी बसणाराही आपल्यापेक्षा सरस निघावा.

पुढच्या आठवड्यात संपादकबाईंनी त्यांना केबिनमध्ये बोलावले. बाई चांगल्या होत्या आणि वाईट बातमी चहा पाजून देत. चहा आला तेव्हाच वेलांटी समजले. 'यंत्रयुग' बंद करून गुरुवारची जागा फाटक्या उशीला द्यायची असे ठरले होते. गादीवाले तुमचे नातेवाईक आहेत, तेव्हा या उशीला शोधून द्या, असे बाईंचे म्हणणे होते.

वेलांटींनी कप खाली ठेवला. "बाई, ती उशी मीच."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिले. रागाने नाही. "वेलांटी," त्या हळूच म्हणाल्या, "माझ्या मुलीच्या लग्नपत्रिकेतल्या चुका तुम्ही लाल शाईने दाखवून ती मला परत पाठवली होती. तुम्ही ऱ्हस्व 'कि' लिहिलात?"

"मुद्दाम लिहिला."

"बरं. मग आत्ता दोन ओळी लिहा. आजच्या कुठल्याही बातमीवर."

वेलांटींनी कागद ओढला. गच्ची नव्हती, टाकीची सावली नव्हती, समोर साडू नव्हता, नुसत्या सहानुभूतीने पाहणाऱ्या बाई होत्या. माणसाला अशा वेळी जळायला काही सापडत नाही. त्यांच्या हातून उतरले, 'सदर घडामोडीचे दूरगामी परिणाम संभवतात.' बाईंनी वाचले, कागदाची नीट घडी केली आणि त्यांना हवे असल्यास दोन दिवस रजा घ्यायला सांगितले.

शुक्रवारी वेलांटी जागेवर बसले असताना जिन्यातून बायको वर येताना दिसली. आपण चष्मा घरी विसरलो असणार, असे वाटून त्यांनी हात नाकाशी नेला. चष्मा नाकावरच होता. बायको त्यांच्या टेबलाशी क्षणभर थांबली, "आलेच," म्हणाली आणि सरळ बाईंच्या केबिनमध्ये गेली. काचेपलीकडे चहा गेला. मग दोघींच्या हसण्याचा आवाज आला.

घरी जाताना दोघे चालत निघाले. कोपऱ्यावर पोचल्यावर वेलांटींनी विचारले.

"खरी फाटकी उशी तू?"

"खरी तुमचीच होती," ती म्हणाली. "गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांआड उभे राहून लिहायचात. लिहिताना ओठ हलतात तुमचे. मी पहिल्याच आठवड्यात ओळखलं."

"आणि मला शिकायला सांगत होतीस."

"मग काय. तुमचं तुम्हालाच वाचून दाखवत होते, तरी तोंड वाकडं. तुम्ही बंद केलंत, घर अगदी सुनं वाटायला लागलं. म्हणून मी सुरू केलं." थोडे चालून ती म्हणाली, "बाईंनी त्या खात्यावर निरोप धाडून बोलावलं होतं. मी त्यांना सगळं खरं सांगितलं, पहिली उशी हे होते म्हणून. त्यांना पटलं नाही. म्हणाल्या, नवऱ्याला इतकंही सांभाळून घेऊ नये."

पुढच्या गुरुवारी 'यंत्रयुग'च्या जागी फाटकी उशी आली, खाली बायकोचे खरे नाव छापून. आदल्या दिवशी मजकूर तपासायला वेलांटींकडेच आला होता, सोबत बाईंची चिठ्ठी : 'उशीच्या ऱ्हस्व-दीर्घाला हात लावू नये. तीच तिची शैली आहे.' वेलांटींनी हात पाठीमागे बांधून ते पान वाचले. लेख घरातल्या फोनविषयी होता, आणि चांगला होता. दोन ठिकाणी ते हसले आणि आपण हसलो याचा त्यांना फार राग आला.

गुरुवारी दुपारी साडूचा फोन आला. आवाजाला नेहमीची चरबी नव्हती. आपल्या मेहुणीचे, म्हणजे वेलांटींच्या बायकोचे, नाव छापून आल्याचे त्याने पाहिले होते.

"अभिनंदन करायला हवं," तो म्हणाला. "तुमच्या घरात आता दोघांची नावं छापून आली. इकडे तुमची मेहुणी लग्नापासून ऐकवतेय, धाकटीच्या मिस्टरांचं नाव पेपरात येतं. तेवढ्यासाठी तर मी त्या गादीवर बसून बोलायला लागलो. फोनवरचं काय हो, आज आहे उद्या पुसलं. पेपर राहतो."

वेलांटी खुर्चीत हळूच मागे रेलले. इतक्या वर्षांत या माणसाने आपल्या पोटाला एवढा थंडावा कधी दिला नव्हता.

"लेख वाचलात का?" त्यांनी विचारले.

"वाचला. ठीक आहे," साडू म्हणाला. "मला काही त्यात विशेष राम वाटला नाही."

संध्याकाळी बायको फोन घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आली. वर्तमानपत्राच्या संकेतस्थळावर तिच्या लेखाखाली 'ढेकूण' नावाच्या कुणीतरी लिहिले होते, "कव्हर नवीन घातलं म्हणून काय झालं, आत पिंजलेला कापूस जुनाच आहे. शिवणपण एका बाजूला सुटलीय."

"कोण असेल हो हा?" तिने विचारले. तिला मजाही वाटत होती आणि थोडे लागलेही होते.

वेलांटींनी ओळ दोनदा वाचली. असा कापूस आणि अशी शिवण जगात एकाच माणसाला सुचू शकत होती. त्यांनी फोन तिला परत दिला.

"जळतंय कुणीतरी," ते म्हणाले. "लक्ष देऊ नकोस." आणि पानावर बसून त्यांनी, कित्येक महिन्यांनी, दुसऱ्यांदा आमटी मागून घेतली.